एक टपालपेटी, अनेक टेबले : ठाणे-कल्याणच्या कार्यालयांतील ईमेलचा इतिहास (थ्रेड)

१/
कल्पना करा. साल १९९८. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये छोटा कारखाना, हिशेबाचे कार्यालय डोंबिवलीत आणि विक्री पाहणाऱ्याचे टेबल मुंबईच्या फोर्ट भागात. तिघांचा ईमेल पत्ता मात्र एकच. अशा व्यवसायापुढे रोज सकाळी एक प्रश्न उभा राहत असे : रात्री आलेले पत्र नेमके कोणत्या संगणकात जाऊन बसले आहे? या प्रश्नाचे उत्तर १९८६ मध्येच सापडले होते. ते सामान्य कार्यालयाच्या टेबलापर्यंत पोहोचायला मात्र सुमारे वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांचा हा इतिहास.

२/
सुरुवात कागदापासून करावी लागते. सरकारी कार्यालयात पत्र आले की ते आधी आवक शाखेत जाते. जिल्हाधिकारी कार्यालयात या शाखेला आजही ‘बारनिशी’ म्हणतात. तेथे पत्रावर तारखेचा शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, आणि ते कोणत्या कार्यासनाकडे गेले याची नोंद वहीत होते. मूळ पत्र एका वेळी एकाच टेबलावर असते; पण ते कोणत्या टेबलावर आहे, हे वही पाहून कोणालाही सांगता येते. पत्र फिरते, नोंदवही मात्र जागची हलत नाही. ही साधी व्यवस्था पुढील साऱ्या कथेची किल्ली आहे.

३/
ही व्यवस्था ढासळली की काय होते, याचे उदाहरण मराठी इतिहासातच आहे. पेशव्यांच्या कारभाराचे प्रचंड कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. पण नाना फडणवीसांकडचा कित्येक महत्त्वाचा पत्रव्यवहार वाईजवळच्या मेणवलीत, त्यांच्या वाड्यात राहिला. पुढे द. ब. पारसनीस यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांमुळे तो अभ्यासकांसमोर आला. पत्र राज्याचे, पण ठेवण्याची जागा एका व्यक्तीच्या घरात. पत्राची मूळ प्रत पदाच्या दफ्तरात राहावी की पत्र हाताळणाऱ्या माणसापाशी, हा वाद ईमेलच्या कितीतरी आधीचा आहे.

४/
आता संगणकाकडे वळू. १९६५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत टॉम व्हॅन व्ह्लेक आणि नोएल मॉरिस यांनी ‘मेल’ नावाची आज्ञा लिहिली. तेव्हाचा हा सामायिक संगणक खोलीभर पसरलेला. आणि त्याला जोडलेली टर्मिनल अनेक. निरोप वापरकर्त्याच्या खात्यातील ‘मेल बॉक्स’ नावाच्या एका फाइलमध्ये साठत असे. माणूस कोणत्याही टर्मिनलवर बसो, फाइल तीच दिसे. म्हणजे एक टपालपेटी अनेक टेबलांवरून पाहण्याची सोय ईमेलच्या जन्मापासूनच होती. ती नंतर हरवली.

५/
१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकातून दुसऱ्या संगणकात निरोप पाठवून दाखवला आणि पत्त्यात नाव व यंत्र यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह बसवले. त्या चिन्हाचा अर्थ ‘अमुक यंत्रापाशी असलेला अमुक’. पत्ता माणसाचा असला, तरी पत्राचे घर म्हणजे एक मोठे, सतत चालू असलेले यंत्र, ही कल्पना त्यात गृहीत होती.

६/
ऐंशीच्या दशकात टेबलावर स्वतंत्र संगणक आला आणि हे गृहीतक मोडले. हा छोटा संगणक संध्याकाळी बंद होई, त्यामुळे पत्र घ्यायला तो सतत जागा राहू शकत नव्हता. त्यावर १९८४ मध्ये ‘पॉप’ हा नियमसंच आला. त्याची कल्पना पोस्टातील पेटीसारखी : पोस्टात जायचे, पेटी उघडायची, पत्रे पिशवीत भरायची आणि घरी यायचे. पेटी रिकामी होते. फोनचे बिल मिनिटावर आणि सर्व्हरवर जागा तुटपुंजी, अशा काळात हा हिशेब अगदी योग्य होता. मात्र पिशवी एकच आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते.

७/
१९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी उलट दिशेने विचार केला. पत्र सर्व्हरवरच राहू द्यावे आणि टेबलावरच्या संगणकाने ते केवळ पाहावे. कोणते वाचले, कोणाला उत्तर गेले, कोणते काढून टाकायचे, या खुणाही पत्राशेजारी सर्व्हरवरच कराव्यात. हा नियमसंच म्हणजे ‘आयमॅप’. बारनिशीच्या वहीशी त्याचे साम्य सहज लक्षात येते : नोंद एका जागी, पाहणारे अनेक. तरीही पुढची दोन दशके बहुतेक छोट्या कार्यालयांत पॉपच चालले. का, ते भारतातील इंटरनेटच्या जन्मकथेतून कळते.

८/
भारतात ईमेल प्रथम संशोधन संस्थांत आला. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील जुहूचे एनसीएसटी हे केंद्र सहभागी होते. जुहू आणि पवई यांच्यात साध्या टेलिफोन तारेवरून ईमेलची देवाणघेवाण होऊ लागली, ती याच पर्वात. ठाण्याच्या खाडीपलीकडे ही सुविधा पोहोचायला अजून अवकाश होता.

९/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबई हे पहिल्या शहरांपैकी एक. खाती दोन प्रकारची होती. स्वस्त ‘शेल’ खात्यावर फक्त अक्षरे दिसत. चित्र नाही, माउस नाही. महागड्या ‘टीसीपी-आयपी’ खात्यावर रंगीत वेब पाने दिसत. विद्यार्थी आणि हौशी मंडळी शेलवर, तर परवडणारी कार्यालये टीसीपी-आयपीवर, अशी साधारण विभागणी झाली.

१०/
येथे इतिहासाने एक गंमत केली. शेल खात्यात माणूस मोडेमवरून थेट व्हीएसएनएलच्या संगणकात शिरे आणि ‘पाइन’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये पत्रे वाची. पत्रे तिकडेच राहत. त्यामुळे ती मित्राच्या घरून वाचा, कॉलेजातून वाचा, टपालपेटी तीच. महागडे खाते घेणारे कार्यालय मात्र आउटलुक एक्स्प्रेससारख्या प्रोग्रॅममधून पॉपने पत्रे आपल्या संगणकात ओढून घेई आणि सर्व्हरवरची पेटी रिकामी करी. जास्त पैसे मोजून कार्यालयाने आपली पत्रे एका यंत्राला जखडून घेतली होती. पाइन अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झाला होता, आणि क्रिस्पिनही तोवर तेथेच काम करत होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे.

११/
ठाणे जिल्ह्यात या अडचणीला भूगोलाचीही जोड होती. ठाणे शहर एमटीएनएलच्या मुंबई क्षेत्रात, म्हणून त्याचा कोड ०२२. कल्याण-डोंबिवली दूरसंचार खात्याच्या, पुढे बीएसएनएलच्या क्षेत्रात, म्हणून कोड ०२५१. लोकलने सुमारे अर्ध्या तासाचे अंतर. टेलिफोनच्या लेखी मात्र दोन वेगळी गावे. डोंबिवलीतून मुंबईचा नंबर लावणे म्हणजे एसटीडी. त्यामुळे ‘जोडा, पत्रे ओढा, फोन ठेवा’ ही पॉपची रीत येथे सोयीचीच नव्हे, तर काटकसरीचीही ठरली. सतत जोडलेले राहण्याची अपेक्षा ठेवणारी आयमॅपची रीत परवडण्यासारखी नव्हती.

१२/
आता पहिल्या पोस्टमधल्या कारखान्याकडे परत जाऊ. सकाळी नऊला फोर्टमधल्या संगणकाने पत्रे ओढली. दहाला डोंबिवलीच्या संगणकाला पेटी रिकामी दिसली. ग्राहकाची ऑर्डर फोर्टमध्ये, पण माल पाठवण्याची तारीख डोंबिवलीला ठरवायची. यावर उपाय निघाले ते असे : पत्र छापून फॅक्स करणे, फ्लॉपीवर घालून लोकलने पाठवणे, किंवा फोर्टमधून प्रत्येक पत्र पुढे धाडणे. विजेच्या वेगाने आलेले पत्र शेवटचा टप्पा बारा डब्यांच्या गाडीने पार करत होते.

१३/
आणखी एक उपाय प्रोग्रॅममध्येच होता : ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकटीवर खूण करणे. मग प्रत्येक संगणक आपापली प्रत ओढून घेई. पण त्यातून नवा गोंधळ निघाला. एका टेबलावर वाचलेले पत्र दुसऱ्यावर नवेच दिसे. एकाने काढून टाकलेले दुसऱ्याकडे शिल्लक राही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे पाठवलेल्या पत्रांची पॉपला दादच नव्हती. फोर्टमधून गेलेले उत्तर फक्त फोर्टच्या संगणकातील ‘सेंट’ कप्प्यात राही. आवक सर्वांना दिसे, जावक कोणालाच नाही. एकाच ग्राहकाला दोन टेबलांवरून दोन वेगळे दर जाणे अशा व्यवस्थेत अगदी शक्य होते.

१४/
कोंडी अनपेक्षित बाजूने फुटली. कॅलिफोर्नियातील एका कंपनीत काम करणारे सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांना आपल्या नव्या उद्योगाच्या योजनेविषयी एकमेकांना खासगी पत्रे लिहायची होती. पण कार्यालयाच्या फायरवॉलमुळे तेथून वैयक्तिक खाती उघडत नव्हती. मग ब्राउझरमध्येच टपालपेटी का दाखवू नये, असा विचार पुढे आला. ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ सुरू झाले. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ते सुमारे ४० कोटी डॉलरना विकत घेतले. म्हणजे वेबमेलचा जन्मच कार्यालयातल्या संगणकाच्या अडचणीतून झाला.

१५/
मुंबईच्या रीडिफनेही मोफत ईमेल देऊ केला आणि ठाण्या-डोंबिवलीच्या स्टेशन परिसरातील सायबर कॅफेंत टपालपेटी तासाच्या भाड्याने उघडू लागली. पत्र पुन्हा सर्व्हरवर गेले, टेबल पुन्हा मोकळे झाले. १९६५ ची सोय परतली होती, पण काही मेगाबाइटच्या जागेत. पेटी भरली की जुनी पत्रे पुसावी लागत. व्यवसायाने पाच वर्षांचा पत्रव्यवहार त्यात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून कार्यालये पॉपलाच धरून राहिली आणि कर्मचारी खासगी पत्रांसाठी वेबमेलकडे वळले.

१६/
याच सुमारास या भागातील एका मोठ्या कार्यालयाने हाच प्रश्न वेगळ्या रूपात सोडवायला घेतला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अनेक नागरी संस्था व गावे एकत्र करून झाली. मुख्यालय कल्याणला आणि अ, ब, क, ड अशा अक्षरी नावांची प्रभाग कार्यालये शहरभर. साहजिकच प्रत्येकाची नोंदवही वेगळी. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पालिकेने ई-गव्हर्नन्स प्रकल्प उभारून ही कार्यालये एका मध्यवर्ती माहितीसंग्रहाशी जोडली आणि नागरी सुविधा केंद्रे सुरू केली. तो प्रकल्प राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी नमुना ठरला.

१७/
हा प्रकल्प ईमेलचा नव्हता, पण तत्त्व तेच होते : नोंद एका जागी, खिडक्या अनेक. नागरिकाचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे, याचे उत्तर आता टेबलावरच्या माणसाच्या स्मरणावर अवलंबून राहिले नाही. क्रिस्पिन यांनी पत्रांसाठी जे केले, ते येथे कर आणि दाखल्यांसाठी घडत होते.

१८/
‘एका जागी’ याचा अर्थ किती गंभीर आहे, हे २६ जुलै २००५ रोजी निसर्गाने दाखवले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उल्हास नदीला महापूर आला. बदलापूर, कल्याण आणि परिसरातील सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. पॉपने पत्रे ओढून घेणाऱ्या तळमजल्यावरच्या कार्यालयाचा संगणक भिजला, तर त्याचा सारा पत्रव्यवहारही भिजणार, हे उघड होते. सर्व्हरवरची पेटी तर कधीच रिकामी झालेली. पत्र घरी आणण्याची किंमत काय असू शकते, हे अशा दिवशी कळते.

१९/
तोवर तंत्राची समीकरणे बदलत होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले, ते थेट एक गिगाबाइट जागा घेऊन. जागेची टंचाई संपली. ब्रॉडबँडमुळे मिनिटांचा हिशेब संपला, आणि ०२२ व ०२५१ यांतला भेदही. ऑक्टोबर २००७ मध्ये जीमेलने आयमॅपची सोय मोफत दिली. पॉपला योग्य ठरवणारी तिन्ही कारणे, म्हणजे महाग फोन, तुटपुंजी जागा आणि एकच संगणक, तीन-चार वर्षांत नाहीशी झाली. १९८६ चे उत्तर अखेर लागू पडले. फोर्ट, वागळे इस्टेट आणि डोंबिवली यांना एकच पेटी, तीच ‘सेंट’ यादी दिसू लागली.

२०/
येथे कथा संपायला हवी होती. पण एक पेटी अनेकांना दिसू लागताच दुसरा प्रश्न वर आला. आयमॅपमध्ये ‘वाचले’ ही खूण सर्व्हरवर असते. एका कारकुनाने पत्र नुसते उघडले, तरी इतरांना ते वाचलेले दिसते आणि ‘कोणीतरी पाहिले असेल’ म्हणून सगळे पुढे जातात. पत्र सर्वांनी पाहिलेले आणि कोणीच न हाताळलेले. बारनिशीच्या वहीत पत्रापुढे कार्यासनाचे नाव असे. येथे खूण होती, नाव नव्हते.

२१/
त्यात भर पासवर्डची. एकच खाते म्हणून एकच पासवर्ड, तोही अनेकदा पडद्याच्या कडेला चिकटवलेला. महत्त्वाचे पत्र पुसले गेले तर कोणी पुसले, हे सर्व्हरला सांगता येत नाही, कारण त्याच्या लेखी आत शिरणारा माणूस एकच. यावरचा उपायही जुनाच आहे : १९९७ मध्ये आयमॅपला जोडलेल्या एका पुरवणीत एकाच पेटीवर वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे अधिकार देण्याची तरतूद झाली. एकाने फक्त वाचावे, दुसऱ्याने खुणा कराव्यात, तिसऱ्याने पुसावे. आणि प्रत्येकाचा प्रवेश स्वतःच्या नावाने. तंत्र तयार होते. कार्यालये मात्र पासवर्ड वाटण्यातच समाधान मानत राहिली.

२२/
कायद्याने दरम्यान ईमेलला पूर्ण दस्तऐवज मानले होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मध्ये ‘माहिती’ या शब्दाच्या व्याख्येतच ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कल्याणचा नागरिक आपल्या अर्जासंबंधीच्या सरकारी ईमेलची प्रत मागू शकतो. ती देण्यासाठी कार्यालयाला ती सापडायला हवी, आणि ती कोणी हाताळली हेही ठाऊक हवे.

२३/
२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. वरचे मजले जळाले, माणसे दगावली, आणि महापालिकांचा कारभार ज्या खात्याकडे असतो त्या नगरविकास खात्याच्या फायलीही होरपळल्या. आठ दिवसांत वहीचा आधार संपू शकतो असे नव्हे. काही तासांत संपू शकतो, हे त्या दिवशी राज्याने पाहिले. पुराने टेबलावरच्या संगणकाबद्दल जे शिकवले होते, तेच आगीने कागदाबद्दल शिकवले.

२४/
२०१५ मध्ये केंद्र सरकारचे ईमेल धोरण अधिसूचित झाले. त्यातील एक तरतूद इतिहासप्रेमींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. त्यानुसार अधिकाऱ्याला दोन पत्ते मिळू शकत होते : एक नावाचा, एक पदनामाचा. बदली झाली की पदनामाचा पत्ता उत्तराधिकाऱ्याच्या स्वाधीन करायचा. पत्र पदाचे असते, माणसाचे नव्हे, हा नियम संगणकाच्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. मेणवलीच्या वाड्याची आठवण येते ती येथे.

२५/
आणि आपले नुकसान? १९९५ ते २००७ या काळात ठाणे, कल्याण, डोंबिवली झपाट्याने बदलत होती. त्या बदलाचा व्यावसायिक पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर अशा संगणकांत अडकला, जे कधीच भंगारात गेले. जुन्या आउटलुकमधील पत्रसंग्रहाची फाइल दोन गिगाबाइटची मर्यादा ओलांडली की बिघडे, तोही धोका होताच. १७९५ ची पत्रे वाचता येतात आणि १९९८ ची नाही, अशी विचित्र स्थिती काही बाबतीत उद्‌भवली आहे.

२६/
म्हणून घरात किंवा कारखान्यात एखादा जुना संगणक, हार्ड डिस्क वा सीडी पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिच्यात पत्रे आहेत का ते पाहावे. ‘डीबीएक्स’ किंवा ‘पीएसटी’ असा शेवट असलेल्या फाइल आढळल्या, तर त्यांची प्रत काढून ठेवावी. त्या आजही उघडता येतात. मालकाची परवानगी घ्यावी, खासगी मजकुराचा मान राखावा, आणि कोणत्या संगणकातून, कोणत्या साली, कोणाच्या टेबलावरून ती मिळाली, हे सोबत लिहून ठेवावे. बारनिशीतल्या कारकुनाने तेवढेच केले असते.